विहिरीत पडलेलं इंजिन

आमच्या मोटरीचा आवाज येत नाही, याचा अब्बांना जेवढा अभिमान होता तेवढा स्वतःच्या कुठल्याही गुणाचा नसावा. स्टेशनवरून पाहुणे घेऊन ते निघाले आणि पहिल्या चौकात थांबले, की मागं बसलेला एखादा साहेब काळजीनं विचारायचा, बंद पडली का? अब्बा या प्रश्नाची वाटच बघत असायचे. सावकाश मान वळवून ते म्हणायचे, "चालू है, साहब," आणि पुन्हा समोर बघायचे. पोलीस ॲक्शनच्या आधीपासून ते एका जहागीरदारांकडं ड्रायव्हर होते. ॲक्शननंतर जहागिरी गेल्या, साहेब हैदराबादेला राहायला गेले आणि जाताना नुकतीच घेतलेली ही अमेरिकन वॅगन अब्बांच्या हवाली करून गेले. तिथल्या गल्लीत ती वळणार नाही, असं ते म्हणाले म्हणे. मला वाटतं, अब्बांशिवाय ती कुणाचंच ऐकत नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं. सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, बसायला तीन रांगा, आणि बॉनेट एवढं लांब की लहानपणी हिवाळ्यात मी त्यावर दुपारच्या झोपा काढल्यात. गल्लीत सगळे तिला जहाज म्हणायचे. माझा जन्म झाला तेव्हा जहाज घरात आधीच होतं, त्यामुळं ते माझं थोरलं भावंडच म्हणायला हवं.

दिल्ली गेटच्या आत आमच्या दोन पत्र्याच्या खोल्या होत्या आणि पुढं अंगण. अंगणात कडुलिंबाचं झाड, झाडाखाली जहाज. घरापेक्षा मोटरीची जागा मोठी, हे अम्मी येणाऱ्याजाणाऱ्याला हसत सांगायची. सकाळी फजरची नमाज झाली की अब्बा फडकं घेऊन बाहेर यायचे, आणि मला जाग यायची ती ओल्या फडक्यानं काच पुसल्याच्या कुईकुई आवाजानं. आत अम्मीच्या परातीत रोटीचं पीठ थापटलं जायचं, चुलीवर दालचा रटरटत असायचा. घरात आम्ही दखनी बोलायचो. शाळा मात्र जवळची म्हणून मराठी मिळाली, आणि पुढं सिल्लोडच्या मुलींना मी तीस वर्षं मराठीच शिकवलं. त्यामुळं आता लिहायला बसले की अब्बा-अम्मीसुद्धा माझ्या डोक्यात मराठीत बोलायला लागतात. दोनचार वाक्यं तेवढी हट्टानं दखनीतच राहतात. ती मी तशीच ठेवलीत.

मी कॉलेजात सायन्सच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा पेट्रोल एवढं महाग झालं, की जहाज अजिंठ्याला जाऊन येईपर्यंत फेरीत काही उरेना. पाहुणे लहान गाड्यांतून जायला लागले. अब्बा रोज पहाटे मोटर पुसायचे आणि ती झाडाखालीच उभी राहायची. पुसायला धूळ कमी पडायला लागली, तेव्हा ते चाकांच्या नटांना तेल लावत बसायचे. मग दुबईहून त्यांच्या चुलतभावाचं पत्र आलं. तिकडं ड्रायव्हर हवे होते. अब्बांनी गुलमंडीवर जाऊन पासपोर्टसाठी फोटो काढून घेतला. त्या फोटोत त्यांनी टोपी काढली होती, आणि ते कुणा दुसऱ्याचे अब्बा दिसत होते. अम्मीनं फोटो बघितला, पाकिटात घातला आणि काहीच बोलली नाही. अम्मी काहीच बोलत नाही, असा तो माझ्या आयुष्यातला पहिला आठवडा.

त्याच थंडीत मैत्रिणीनं तिच्या गावी, फुलंब्रीजवळ, हुरडा खायला नेलं. आगटीभोवती आम्ही कणसं भाजत बसलो होतो आणि शेजारच्या शेतात एक इंजिन धडधडत होतं. विहिरीवरच्या पंपाला जोडलेलं, पण नेहमीच्या पंपाच्या इंजिनापेक्षा बरंच मोठं. मी उठून बघायला गेले. गळ्यात तुळशीची माळ आणि कोपरापर्यंत काळं तेल, असा एक माणूस त्याच्याजवळ उकिडवा बसला होता. हा नाथा मिस्त्री. आजूबाजूच्या दहा गावांतली इंजिनं तोच दुरुस्त करायचा. त्यानं सांगितलं, की हे चार सिलिंडरचं डिझेल इंजिन एका ट्रॅक्टरचं आहे. ट्रॅक्टर उलटा सरकत विहिरीत पडला, माणूस उडी मारून वाचला, पण मालकाच्या मनात अढी बसली आणि त्यानं ट्रॅक्टर मोडीत काढला. इंजिन नाथानं उचललं, धुतलं, आणि दोन वर्षं ते त्याच्या शेताला पाणी देत होतं. मी त्याला विचारलं, हे मोटरीत बसेल का? तो हसला. मोटर केवढी, त्यानं विचारलं. मी जहाजाची लांबी पावलांनी मोजून दाखवायला लागले. मोजत मोजत त्याच्या हरभऱ्यात शिरले, तेव्हा त्याचं हसणं थांबलं आणि तो म्हणाला, "एवढी मोठी हाय व्हय? मंग बसल की."

घरी येऊन मी हे सांगितलं आणि अब्बा जेवणावरून उठले. त्यांच्या मते डिझेल हे दगड वाहणाऱ्यांचं, पाहुण्यांना घेऊन जाणाऱ्यांचं नाही. शिवाय विहिरीत पडलेलं. मोटर उभी राहून गंजली तरी चालेल, पण तिला ते ट्रॅक्टर होऊ देणार नव्हते. एवढा वेळ गप्प असलेली अम्मी तेव्हा बोलली. तिनं आवाज चढवला नाही. ताटावरची रोटी झाकत ती म्हणाली, "हल्लागुल्ला करनेवाली मोटर घर में चलती मेरेकू. चुपचाप आदमी दुबई में नक्को." अब्बा बराच वेळ अंगणात मोटरीपाशी उभे राहिले. आत आले तेव्हा त्यांनी दोन अटी घातल्या. जुनं इंजिन घराबाहेर जाणार नाही. आणि डिझेलच्या मोटरीचं स्टिअरिंग ते या जन्मात हातात धरणार नाहीत.

नाथाकाका बैलगाडीतून इंजिन घेऊन आले. गल्लीभर लोक जमले. लिंबाच्या जाड फांदीला साखळीची कप्पी टांगली आणि पहिल्यांदा जुनं इंजिन बाहेर निघालं. ते हवेत झुलत असताना अब्बा खोलीत जाऊन बसले. नंतर मात्र त्यांनीच ते रॉकेलनं धुतलं, मेणकापडात गुंडाळलं आणि भिंतीशी ठेवलं. वर्षभरात अम्मीनं त्यावर मोगऱ्याची कुंडी ठेवली. ती तिथं इतकी शोभली, की अब्बांनाही काही म्हणता आलं नाही.

काम महिनाभर चाललं. नाथाकाका माळकरी, मटणाच्या भांड्यातलं पाणीही त्यांना चालणारं नव्हतं, पण हे सांगताना त्यांचाच जीव खालीवर झाला. अम्मीनं दुसऱ्या दिवशी कुंभारवाड्यातून नवी मडकी आणली, नवा तवा आणला, आणि त्यांच्यासाठी वेगळी चूल मांडली. येसराची आमटी कशी करायची ते त्यांच्याकडूनच तोंडी शिकली. आठवड्यानं दोन चुलींचा तिला कंटाळा आला, आणि मग आम्ही सगळेच भाकरी, आमटी आणि ठेच्यावर आलो. अब्बा कुरकुरले. पण मी बघितलंय, ठेचा संपला की ताट घेऊन चुलीपाशी जाणारे पहिले तेच असायचे. नाथाकाका त्यांना वस्ताद म्हणायचे. अब्बा त्यांना काही म्हणत नव्हते, कारण ते त्या बाजूला बघतच नव्हते. आम्ही गाडीखाली असलो की ते ओट्यावर पाठ करून बसायचे आणि एखादा पाना जमिनीवर पडला की दचकायचे.

खरी अडचण निघाली ती इंजिन आणि गिअरबॉक्स जोडताना. दोघांचे बोल्ट एकमेकांशी जुळत नव्हते. मधे एक लोखंडी प्लेट लागणार होती, तिच्या एका बाजूला इंजिनाची भोकं आणि दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्सची, आणि दोघांचा मध्य केसभरही इकडंतिकडं चालणार नव्हता. नाथाकाकांनी ते काम माझ्यावर सोपवलं. तू कालेजात जातीस, तुला कंपास येतो, म्हणाले. मी दोन्ही तोंडांवर कागद ठेवून पेन्सिल घासली, भोकं उमटवली, मध्य काढला, आणि दोन्ही कागद एकावर एक ठेवून एक सुंदर नकाशा केला. खाली माझं नावसुद्धा लिहिलं, नसीम. शहागंजातल्या लेथवाल्यानं त्याबरहुकूम प्लेट कापली. ती आणून लावली तर इंजिनाच्या बाजूला चपखल बसली आणि गिअरबॉक्सच्या बाजूला एकही भोक जुळेना. मी तीन वेळा मोजलं. मापं बरोबर होती. मी भिंतीशी जाऊन रडायला लागले, कारण अब्बा ओट्यावरून पहिल्यांदाच आमच्याकडं बघत होते.

नाथाकाकांना अक्षर येत नव्हतं. त्यांनी माझे दोन्ही कागद हातात घेतले आणि बराच वेळ फिरवत राहिले. मग एक कागद उन्हाकडं धरून पाठीमागून बघितला आणि मला हाक मारली. "पोरी, हिकडं ये. दोघं समोरासमोर तोंड करून बसणार हायती. मंग एकाचा उजवा हात दुसऱ्याच्या डाव्यापाशी येतुय का नाय?" त्यांनी दोन्ही तळहात एकमेकांना लावून दाखवले. मी एक कागद उलटा करायला विसरले होते. मला वाटलं ते रागावतील, निदान लेथवाल्याकडं पुन्हा जायला कुरकुरतील. ते म्हणाले, पहिली प्लेट माझ्या घरच्या शेवग्याखाली ठेवू, पाट म्हणून बसायला होईल. पुढं वर्गात एखाद्या मुलीचं व्याकरण चुकलं, की मी तिची वही तिला उन्हाकडं धरायला लावायची. मुली हसायच्या. का, ते मी त्यांना कधी सांगितलं नाही.

दुसरी प्लेट बसली. पुढचे स्प्रिंगचे पाटे वाढवले, बॉनेट चार बोटं उचलून घेतलं, ट्रॅक्टरचा रेडिएटर टाकला. डिझेलच्या नळ्यांतली हवा काढून नाथाकाकांनी मला स्टार्टर दाबायला सांगितलं. दोनदा नुसतं कण्हलं. तिसऱ्यांदा काळा धूर निघाला आणि असा काही धडाका उडाला, की लिंबावरची कबुतरं उठली, खोलीतल्या फळीवरून दोन ताटल्या खाली आल्या आणि शेजारची फातिमाखाला लाटणं हातात घेऊनच बाहेर पळाली. सगळं अंगण थरथरत होतं. अब्बा बाहेरून चहा पिऊन येत होते, ते धावतच आले, दार उघडून आत वाकले आणि चावी फिरवून काढून घेतली. इंजिन चालूच. डिझेल चावीनं थांबत नाही, त्याला एक दट्ट्या ओढावा लागतो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. चावी हातात घेऊन ते धडधडत्या मोटरीकडं बघत उभे राहिले. अम्मी दारात बसून पदर तोंडाला लावून इतकी हसली, की तिला उचकी लागली. मला वाटतं अब्बाही हसले असते, पण गल्ली बघत होती.

मग एका सकाळी फर्दापूरपर्यंत जाऊन यायचं ठरलं. अब्बा चालवणार नव्हते. नाथाकाकांना ट्रॅक्टर सोडून काही चालवता येत नव्हतं. राहिले मी. छावणीच्या मैदानावर अब्बांनीच मला मोटर शिकवली होती, मी हट्ट धरला म्हणून. माझ्याकडं तेव्हा लायसन्स होतं का, हे मला नातवंडंही विचारतात. त्यांनाही मी सांगत नाही. अम्मीनं धपाट्यांची चळत आणि दह्याचं गाडगं घेतलं. अब्बा आयुष्यात पहिल्यांदा मागच्या सीटवर बसले, हाताची घडी घालून, आणि बाहेर बघायला लागले. नाथाकाका माझ्या शेजारी, कान इंजिनाकडं लावून.

फुलंब्रीपर्यंत मी स्टिअरिंग घट्ट धरून होते. पुढं कापसाच्या शेतांमधून रस्ता सरळ धावायला लागला आणि मला मजा येऊ लागली. आवाज एवढा होता, की बोलायचं तर ओरडावं लागायचं, म्हणून अम्मी मागून ओरडून धपाटे देत होती आणि नाथाकाका ओरडून नको म्हणत होते आणि घेत होते. सिल्लोडला बाजार होता. सरकीच्या पोत्यांच्या गाड्या, मक्याचे ढीग, बकऱ्या, आणि त्यातून हे जहाज गर्जना करत निघालेलं. आवाज ऐकून लोक आधीच बाजूला व्हायचे आणि मग स्टिअरिंगवर ओढणीवाली पोरगी बघून तिथंच थांबायचे. एका म्हाताऱ्यानं मला चक्क सलाम केला. मी आरशात बघितलं. अब्बांनी घडी सोडून हात गुडघ्यावर ठेवले होते.

अजिंठा गावाच्या पुढं घाट उतरायला लागतो. तिथं मात्र माझा धीर सुटला. नव्या इंजिनानं मोटरीचं नाक जड झालं होतं, वळणावर ते दरीकडं ओढतंय असं वाटत होतं. मी कडेला थांबले आणि म्हणाले, मला नाही जमणार. मग मागचं दार उघडल्याचा आवाज आला. अब्बा उतरले, मोटरीला वळसा घालून माझ्या खिडकीशी आले.

"सरक बेटा," ते म्हणाले. "मैं लेतूं."

त्या अटीची आठवण त्यांना कुणी करून दिली नाही. घाटभर ते एकेक वळण हळू घेत राहिले, जसं एखाद्या अनोळखी घरात माणूस भिंतीला हात लावत चालतो तसे. खाली फर्दापुरात पोचलो तर रस्त्याच्या कडेला एक ट्रक पाटा तुटून कलंडलेला आणि भोवती लग्नाचं वऱ्हाड. हिरव्या चुड्याची नवरी दगडावर बसलेली. लग्न सिल्लोडला, दुपारचा मुहूर्त, आणि बाप रस्त्यात येईल त्या गाडीला हात जोडत होता. अब्बा उतरले. पाहुण्यांसाठी करायचे तसंच त्यांनी नवरीसाठी मागचं दार उघडून धरलं. मग करवल्या, मावश्या, आज्या, फराळाचे डबे, रुखवताची टोपली, शेवटी एक ढोलकीवालाही. नऊ माणसांच्या जहाजात आम्ही धरून एकोणीस जण बसले. मी ड्रायव्हरचं दार त्यांच्यासाठी उघडून उभी होते. अब्बा त्यावरून पुढं गेले आणि दुसऱ्या बाजूला शेजारच्या सीटवर, नाथाकाकांना खिडकीकडं सरकवून बसले. तू चढव, म्हणाले. मला ऐकायला कान मोकळे हवेत.

एक आजी मागून म्हणाली, "डायवर पोरगी हाय व्हय? मंग बिनघोर." आणि बायांनी गाणं धरलं. इंजिनाच्या वर आवाज जावा म्हणून त्या गळा सोडून गात होत्या, ढोलकी पत्र्यावर वाजल्यासारखी वाजत होती. घाटाच्या मधल्या खड्या वळणावर पूर्वी जहाज नेहमी उकळायचं. तिथं अर्धा तास थांबायचं, पाणी घालायचं, हे ठरलेलंच. वळण जवळ आलं तसे अब्बा पुढं झुकले आणि म्हणाले, पहिला टाक. मी क्लचवर पाय ठेवला. तेवढ्यात त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. मान तिरकी करून ते ऐकत होते. एकोणीस माणसं आणि रुखवत घेऊन इंजिन त्याच लयीत, जराही न गुदमरता, वर चाललं होतं.

"रहने दे," ते म्हणाले. "खींचरी."

वळण मागं पडलं. अब्बा नाथाकाकांकडं वळले आणि त्या महिन्यात पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले. नाथाभाऊ, हे विहिरीत किती दिवस होतं? तीन, नाथाकाका म्हणाले. अब्बांनी मान हलवली, जणू कुणाच्या आजारपणाची चौकशी करावी तशी. मग घाटमाथ्यापर्यंत दोघांचं जे बोलणं सुरू झालं, ते पुढं दोघांचीही दाढी पांढरी झाली तरी संपलं नाही.

मुहूर्त सापडला. मांडवात आम्हाला पहिल्या पंगतीला बसवलं, नवरीच्या बापानं अब्बांना टॉवेल-टोपी केली. ती टोपी त्यांनी घरी येईपर्यंत काढली नाही. परतताना स्टिअरिंगवर तेच होते, कुणी न सांगता बसलेले. उन्हं कलता कलता फुलंब्रीला नाथाकाकांना सोडायला शेताच्या वाटेनं वळलो, तर त्यांची बायको, गिरजाकाकू, दारात उभी. आत या, चहा उकळलाय, म्हणाली. अम्मीला नवल वाटलं. आम्ही येणार हे हिला कुणी सांगितलं?

"सांगाय कशाला पायजे," काकू म्हणाली. "दोन वर्सं उशाशी वाजलंय त्ये इंजिन. वढ्यापल्याड होता तवाच वळखलं, आन् आधण ठिवलं."

अब्बा कपबशी हातात घेऊन ओट्याच्या टोकाला गेले आणि ओढा किती लांब आहे ते बघून आले. लांबच होता. त्यांनी काकूला पुन्हा विचारलं, तिथून ऐकू आलं? काकूला त्यात विचारण्यासारखं काय, तेच कळेना.

दुबईचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. जहाज त्यानंतर चौदा वर्षं अजिंठ्याच्या रस्त्यावर होतं. पाहुणे कानात बोटं घालून बसायचे आणि फर्दापूरला उतरताना हसत असायचे. संध्याकाळी मी पुस्तक घेऊन अंगणात बसलेली असायची. हर्सूलच्या बाजूनं ती धडधड आधी अगदी बारीक यायची, मग गेटच्या कमानीखाली घुमायची. अम्मी हातातलं काम टाकून चुलीवर तवा ठेवायची. अब्बा दट्ट्या ओढून उतरेपर्यंत पहिली रोटी फुगलेली असायची, आणि ते ती उभ्यानंच, फुंकर मारत, तव्यावरून उचलून खायचे.